पिवळं ग्रीस

गल्लीत त्याला ब्रेकमामा म्हणत. इंजिनाला तो हात लावत नसे. गाडी सुरू करणारे शंभर मिळतील, थांबवणारा मी एकटा, असं त्याचं म्हणणं. त्यावर समोरचा शिंपी सुईत दोरा ओवता ओवता न चुकता म्हणायचा, "म्हणूनच तुझं दुकान पुढे सरकत नाही."

त्या सकाळी त्याची मुलगी मोटरसायकल ढकलत आली. टेकडीपलीकडच्या दवाखान्यात ती नर्स होती. उतारावर पुढचं चाक आपोआप आवळलं गेलं आणि ती रस्त्यावर आपटली होती. कोपर सोलवटलं होतं. हे सगळं ती हसत हसत सांगत होती, आणि ते हसणंच बापाला सोसवेना. दोन वाजता तिला कामावर पोचायचं होतं. त्या रस्त्याला दुसरं वाहन मिळत नव्हतं.

चाकावरची ब्रेकची डिस्क अजून कढत होती. डिस्कला चिमट्यासारखा आवळणारा आणि सोडणारा कॅलिपर दोन पिनांवर पुढेमागे सरकतो. इथे एक पिन बोटानंही सरकत होती, दुसरी मात्र मुळं फुटल्यासारखी जागेवर घट्ट.

"पाणी शिरलं असणार. गंज," तो म्हणाला. त्याला गंजच हवा होता. सहा महिन्यांपूर्वी या ब्रेकला शेवटचा हात त्याचाच लागला होता.

त्यानं कॅलिपर उतरवून व्हाइसच्या जबड्यात आवळून धरला. तेल सोडलं, वाट पाहिली, पाना लावला. पिन ढिम्म. हातोडा मारावा तर ती वाकणार, ज्योत दाखवावी तर आतली रबरं जळणार. मग किटलीत पाणी उकळून त्यानं धार सोडली. पाना जरा इकडे, जरा तिकडे. पुन्हा धार. अकरा वाजले, बारा वाजले. मनगटातली कळ खांद्यापर्यंत चढली. पिन केसभर फिरायची आणि पुन्हा रुतायची. निघ गं बाई, निघ, असं तो ओठांतल्या ओठांत पुटपुटू लागला.

"माहेर सुटत नाही तिला," शिंपी म्हणाला. कुणी हसलं नाही.

साडेबाराला चिखलातून पाय उपसावा तसा आवाज करत ती सुटून हातात आली. तो बघत राहिला. गंजाचा ठिपकाही नव्हता. पिन लख्ख होती. तिच्याभोवतीचं रबर सुजलं होतं आणि त्याला पिवळं ग्रीस चिकटलं होतं.

सहा महिन्यांपूर्वी त्या दिवशी रबराला चालणारं पांढरं ग्रीस पहिल्या पिनेलाच संपलं होतं. नवीन डबा दोन चौक पलीकडे मिळायचा. त्यानं कंटाळा केला, बेअरिंगचं पिवळं ग्रीस बोटावर घेतलं. त्या ग्रीसनं रबर फुगतं हे चाळीस वर्षं सगळ्यांना बजावणारा माणूस. पुढे आठवडाभर येईल त्या गाडीला तेच लावलं.

मुलगी कोपराला पट्टी बांधत होती. "गंजच ना, बाबा?"

हो म्हणून टाकलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही. माझं ग्रीस."

तिनं पट्टीची गाठ मारली, दातांनी टोक तोडलं. मग विचारलं, "अजून कुणाकुणाला लावलंयस?"

त्यानं बोटांवर मोजायला घेतलं. दूधवाला. पोस्टमन. पोराला मागे बसवून नेणाऱ्या शाळेतल्या बाई. अकरापर्यंत आला आणि अडला. गाड्या चौदा तरी होत्या. तीन चेहरे काही केल्या आठवेनात. दिसत होता तो नुसता उतार.

नवीन रबर, पांढरं ग्रीस. पिन त्यानं किती वेळा सरकवून पाहिली, त्याची गणती नव्हती. आज नको जाऊस, असं तो म्हणाला. आपल्या हातांवरचाच विश्वास उडाला होता.

"चाक माझ्यासमोर फिरवलंस ना? मी जाते. तू त्यांच्याकडे जा."

कोपऱ्यावर तिनं ब्रेक दाबला. मागचा लाल दिवा लागला, विझला. गाडी वळली.

त्यानं भरदिवसा शटर ओढलं. पाना आणि पांढऱ्या ग्रीसचा डबा घेऊन तो समोर गेला, शिंप्याच्या गाडीपाशी उकिडवा बसला आणि डिस्कला हात लावला.

"दुकान बंद? आणि माझ्या गाडीला काय झालंय?"

"अजून काही नाही," तो म्हणाला. "चावी दे."