चढावरचे कलशेट्टी सर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या गुडघ्याला शेक देत होते. फोन सरांच्या जुन्या विद्यार्थ्याचा, आता तो पोलिसात आहे. "कलशेट्टी सर गेले, मॅडम," एवढं बोलून तो रडायलाच लागला. शेकाची चार मिनिटं बाकी होती, ती मी पूर्ण केली, बाईंना आराम पडतोय का विचारलं, मग आत जाऊन तोंड धुतलं. रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्याला आता दीड महिना झाला. उमरग्यात फलक लागले, शोकसभा झाली, तिथं तिघा-चौघांनी त्यांना देवमाणूस ठरवलं. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत सरांवर मी लिहावं असा विद्यार्थ्यांचा आग्रह आहे, कारण शेवटी सरांच्या पायावर उपचार मी करत होते, आणि "तुम्ही पळू नका म्हणाला होतात, सरांनीच ऐकलं नाही" असं सगळ्यांना वाटतं. तसं त्यांना खुद्द सरांनी सांगितलं होतं. ते खरं नाही. खरं काय ते लिहिते, देवमाणूस मात्र माझ्याकडून लिहून होणार नाही.

सर पोलीस भरतीसाठी पोरं-पोरी तयार करायचे. रोज सकाळी बाजारामागच्या मोकळ्या मैदानावर, आणि रविवारी टेम्पोत घालून माकणीच्या धरणाजवळच्या चढावर. अंगानं काटकुळे, गळ्यात शिट्टी, आणि जिभेला हाड नाही. अंगानं भरलेल्या पोरीला ते "पोतं" म्हणायचे, दम लागलेल्या पोराला सगळ्यांसमोर उन्हात उभं करायचे आणि बाकीच्यांना हसायला लावायचे. आम्ही हसायचोही, कारण न हसणाऱ्याचा नंबर पुढचा असायचा. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी सर स्वतः पोरांबरोबर शंभर मीटर पळायचे आणि दर वेळी जिंकायचे. ही शर्यत चढावर असायची, त्यातच सगळी गोम होती. सपाटीवर पळून आलेल्या पोरांच्या पोटऱ्या चढावर पन्नास पावलांत पेटायच्या, सरांचे पाय त्या चढावरच मुरलेले. वर पोचून ते मागं बघत हसायचे आणि म्हणायचे, "आजवर एकानं बी मला हरवलं न्हाय." त्या एका शर्यतीवर त्यांचा सगळा दरारा उभा होता.

मी सास्तूरची. वडील शेती करायचे, आणि मला खाकी वर्दी हवी होती, दुसरं काही नको होतं. आठशे मीटरमध्ये मी बॅचमध्ये पहिली यायचे. भरतीला तीन आठवडे राहिले असताना माझी उजवी टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावलं टाकवायची नाहीत. टाचेच्या वर मागच्या बाजूला जी जाड शीर असते, घोडशीर म्हणतात तिला, ती सुजून बोटाएवढी झाली होती. सरांनी तिथं अंगठा दाबला, मी कळवळले, तेव्हा ते म्हणाले, "गाठ धरलीय. पळली की जिरंल. दुखायलंय म्हणून बसलीस तर घरीच बस." त्या आठवड्यात त्यांनी माझ्या फेऱ्या दुप्पट केल्या आणि वेगही वाढवला. वेग वाढवायची त्यांची रीत अशी, की आपण चढावर पळायचं आणि ते मागून मोटारसायकल आणायचे. पुढचं चाक टाचेपासून हातभर अंतरावर, आणि बोट हॉर्नवर. पाय मंदावले की हॉर्न वाजायचा. आम्हाला वाटायचं, जगात सगळीकडं असंच शिकवतात.

तिसऱ्या फेरीला मागून काहीतरी जोरात टाचेवर बसलं आणि मी पालथी पडले. फटकन आवाज झाला, तो मीही ऐकला आणि मागच्या पोरींनीही. मला वाटलं, चाक लागलं. मी म्हटलं, "सर, गाडी लागली." सर गाडी थांबवून उभे होते. "गाडी कुठं लागली? हितं हाय की गाडी. खोटं बोलायलीस. भरती जवळ आली की पोरींची नाटकं सुरू हुतात." माझा पाय टेकत नव्हता. तरी त्यांनी मला टेम्पोपर्यंत चालत जायला लावलं, आणि मुरगळलंय म्हणून सीमेपलीकडच्या, कानडी मुलखातल्या एका मालिशवाल्याकडं पाठवलं. त्यानं पंधरा दिवस गरम तेल चोळलं. तोवर तुटलेल्या शिरेची टोकं लांब सरकून कशीबशी जुळली होती. भरती गेली, पुढच्या वर्षीची पण गेली. आजही जिना चढताना माझी उजवी टाच उचलत नाही, आणि उमरग्यातली लहान पोरं मला लंगडी मॅडम म्हणूनच ओळखतात.

गावात मी सांगितलं की सरांनी गाडी घातली. वडील भांडायला गेले, चारचौघांत त्यांनी सरांची कॉलर धरली. सर म्हणत राहिले, "देवाशपथ, गाडी लागली न्हाय." कुणी विश्वास ठेवला नाही. पुढं लातूरला फिजिओथेरपी शिकताना पहिल्यांदा मला कळलं, की ही शीर तुटते तेव्हा माणसाला हमखास मागून कुणीतरी मारल्यासारखं वाटतं. म्हणजे सर खरं बोलत होते. तेव्हाच हेही कळलं, की पोटरी लवकर तयार होते आणि शीर मागं राहते, कारण तिच्यात रक्त कमी खेळतं. पोटरीतला जोर बघून आपण वेग वाढवतो, चढ वाढवतो, आणि भार मात्र त्या मागं राहिलेल्या शिरेवर येतो. सावकाश उचललेलं मोठं वजन ती सोसते, त्यानं मजबूतही होते. अचानक वाढवलेला वेग तिला सोसत नाही. चाक लागलं नव्हतं, पण त्या चाकाच्या भीतीनंच ती तुटली. यातला सरांच्या बाजूचा भाग मी सास्तूरला कधीच सांगितला नाही. त्यांनी भोगावं असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी सर माझ्याच दवाखान्यात आले. साठी ओलांडलेली, डावी टाच धरून. मला बघून जरा थबकले, मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बघ बाई, काय झालंय." मी अंगठ्यानं दाबलं. जरा जास्तच जोरानं दाबलं. ते कळवळले, आणि मला बरं वाटलं. शीर जाड झाली होती, जागोजागी झिजली होती. उमरग्यात नवी अकादमी निघाली होती, यंत्रावर पळवणारी, पोरं तिकडं चालली होती. सरांना नव्या बॅचसमोर पळायचं होतं. "त्या दिवशी न्हाय पळालो तर संपलो म्या," असं ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

मी त्यांना पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं केलं. टाच वर न्यायची तीन अंक मोजत, खाली आणायची तीन अंक मोजत, पाठीवर वजनाची पिशवी. घाई करायची नाही. सरांना सावकाश हा शब्दच माहीत नव्हता. पहिले आठ दिवस मी त्यांना ओरडत होते, आणि खरं सांगायचं तर तो आठवडा माझ्या कामातला सगळ्यात सुखाचा होता. मग त्यांनी स्वतःच एक तोड काढली. मराठीत मोजलं की घाई होते म्हणून ते घरच्या भाषेत, कानडीत मोजायला लागले. "ओंदू… येरडू… मूरू…" आई मोजायची तसं, म्हणाले. त्यानं वेग बरोबर बसला. इतका आज्ञाधारक पेशंट मला दुसरा मिळालेला नाही. दिवसातून तीनदा म्हटलं की तीनदाच, चौथ्यांदा नाही. अडीच महिन्यांत चालताना दुखणं थांबलं.

बॅच सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी ते आले तेव्हा बाकावर दुसरे एक पेशंट होते. सर त्यांना मोठ्या हौसेनं सांगायला लागले, "ही माझीच विद्यार्थिनी बरं का. पोलीस हुणार हुती. पण दमच न्हवता अंगात." आणि हसले. त्या गृहस्थांनी माझ्या पायाकडं बघितलं. मी सरांना पालथं झोपवून शीर तपासली. एका बाजूला अजून जाड होती. सावकाश भाराला ती तयार झाली होती, पण वेग तिनं अजून पाहिलाच नव्हता. आधी हळू धावणं, मग उड्या, मग सपाटीवर थोडा वेग, आणि चढावरची शर्यत सगळ्यात शेवटी. निदान दोन महिने अजून. सरांनी मान वळवून विचारलं, "आयतवारी पळू का गं?" मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं, "पोटरी छान झालीय, सर. पळा."

रविवारी मी बघायला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. चढाखाली पंचवीस-तीस पोरं उभी होती, सर मध्ये. शिट्टी झाली. सर सुंदर पळत होते, हे मान्य करायला हवं. साठ-सत्तर पावलांवर ते पुढं निघाले आणि तेवढ्यात फटकन आवाज झाला. ते गुडघ्यावर आले आणि त्यांनी रागानं मागं वळून बघितलं, कुणी मारलं म्हणून. मागं कुणीच नव्हतं. पोरं बाजूनं पुढं गेली होती. मी लंगडत वर गेले, त्यांच्याजवळ बसले. ते हळू आवाजात म्हणाले, "गाडी लागल्यासारखंच वाटायलंय की गं." आयुष्यभर मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि त्यातून काहीच मिळालं नाही.

सोलापूरला ऑपरेशन झालं, प्लास्टर घातलं, घरी आणलं. मी भेटायला गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात पायात धरलेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली आणि सर बाथरूमच्या दारात कोसळले. साठीचं वय, प्लास्टर, पडून राहणं, यात असं होऊ शकतं, हे मला माहीत होतं. पळा म्हणताना ते मनात आलं नव्हतं. पण आलं असतं तर थांबले असते का, याचं उत्तर मला छातीवर हात ठेवून देता येत नाही.

परवा काकूंकडं, सरांच्या बायकोकडं, गेले. दार उघडंच होतं. काकू दारातल्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभ्या होत्या, एक हात चौकटीला लावून. टाचा वर, टाचा खाली. तोंडानं चाललं होतं, "ओंदू… येरडू… मूरू…" मला बघून त्या थांबल्या नाहीत. "माझ्या बी टाचा दुखायल्यात," म्हणाल्या, "ह्यांनी शिकवलं. अंथरुणात पडल्या पडल्या मोजायचे, म्या करायची. पोरगी सांगती तसं कर म्हणायचे, घाई करू नको." मी चपला काढून उभी राहिले. त्यांच्या टाचा खाली येताना जरा लवकर येत होत्या, म्हणून सवयीनं बोलले, "सावकाश, काकू."

"त्यांला बी तू असंच सांगितलीस," काकू म्हणाल्या. "त्यांनीच ऐकलं न्हाय."

मी "व्हय" म्हटलं. मग त्यांच्या शेजारी पायरीवर उभी राहून त्यांचे आकडे मोजून दिले, पंधरा वेळा, कानडीत. काकूंना वाचता येत नाही. रविवारी शेजारची सून त्यांना ही पुरवणी वाचून दाखवते.