आत्याच्या मुठीतला फ्यूज

आत्या मिक्सर उलटा धरून झटकत होती आणि आत नळच बसवल्यासारखं त्यातून पाणी पडत होतं.

"बघ, अजून येतंय! ह्याचं बटण आज दाबलं ना, तर मेला आपल्यालाच वाटून काढेल."

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. बिल्डिंगच्या जिन्याखाली तिचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि पान्यांचा डबा. मिक्सर, इस्त्री, पंखा, काहीही आणा, दुरुस्त करायची. लोक तोंडावर ताई म्हणायचे, पाठीमागे तोंडाळ. तोंडाळ होतीच. कुणी म्हणालं, "ताई, ह्याचा फार आवाज येतो," की म्हणायची, "आवाज तर तुमच्या नवऱ्याचाही येतो, त्याला आणलंय का?"

त्या दिवशी पहाटे भिंतीतला मोठा पाइप फुटला होता. तो गळतोय म्हणून तळमजल्यावरचे लोक कधीपासून बोंबलत होते. घरमालकाच्या मॅनेजरचं ऑफिसही तळमजल्यावरच, मागच्या बाजूला. त्यानं काय केलं होतं, माहितेय? पाइपला फडकं गुंडाळलं होतं. फडकं! सकाळी तळमजल्यावर घराघरात पोटरीपर्यंत पाणी. फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, सगळे पाण्यात पाय सोडून उभे. आत्यानं आधी जिन्यातला मेन स्विच पाडला, मग आम्ही सगळ्यांनी मिळून पाणी उपसलं.

दुपारी मॅनेजर आला. बूट ओले होऊ नयेत म्हणून पायरीवरूनच बोलला, "जी वस्तू बंद पडली तिचीच भरपाई मिळेल. माझ्यासमोर चालू करून दाखवा. चालली तर विषय संपला." आणि स्वतःच्या हातानं मेन स्विच वर केला.

"अहो साहेब, ओल्या मशीनला करंट द्यायला सांगताय?" आत्या ओरडली. "वाळू तर द्या. मग उघडून दाखवते काय मेलंय, काय जिवंत आहे."

"तोवर तुम्ही लोक घरातलं भंगारही भिजवून आणाल. आत्ताच, नाहीतर कधीच नाही."

समोरच्या खोलीतली वहिनी पोटुशी होती. फरशी ओली, पाय उघडे, आणि ती मशीनचा प्लग हातात घेऊन भिंतीकडे निघाली.

"वहिनी, ठेव तो खाली!"

"नाही दाखवलं तर देणार नाहीत हो. दुसरं मशीन कुठून आणू मी? बाळाचे कपडे ह्यातच धुवायचेत."

आत्यानं तिच्याशी वाद घातलाच नाही. पळत जिन्यात गेली, मेन स्विच खाली ओढला, फ्यूज उपसला आणि मुठीत दाबून धरला. अख्खी बिल्डिंग बंद.

"आता दाखवा काय चालतंय ते."

"ही चोरी आहे!"

"मग बोलवा पोलिसांना. तुमचं फडकंही दाखवते त्यांना."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. कशाला? तर आत्यालाच झापायला. "आमचं दूध नासतंय!" "पाणी त्यांच्या घरात शिरलं, आमचा काय संबंध?" इथं एक बाई मरता मरता राहिली आणि ह्यांना दुधाची पडलेली! आत्या पायरीवर मूठ आवळून बसली ती संध्याकाळ होईपर्यंत. शेवटी मॅनेजर नरमला. वस्तू वाळवायच्या, उघडायच्या, मग ठरवायचं. पुढे वहिनीचं मशीन उघडलं तर मोटर गाळानं भरलेली. तिला भरपाई मिळाली, बाकीच्यांनाही मिळाली.

आणि आत्याला काय मिळालं? जिन्याखालची जागा खाली करा, म्हणे आगीचा धोका आहे. इतकी वर्षं नव्हता! टेबल बाहेर काढलं तेव्हा सगळे दारात उभे होते. ज्यांच्यासाठी भांडली तेच मूग गिळून बसले. वहिनीसुद्धा. माझं डोकंच फिरलं, मी तिला जाब विचारायला निघाले होते. आत्यानं हात धरला. "राहू दे गं. तिला त्याच छपराखाली बाळंत व्हायचंय." मला नाही पटलं. अजूनही पटत नाही.

आत्या आता घरीच दुरुस्त्या करते. गिऱ्हाईक निम्मंही उरलं नाही. मी पुलापलीकडे फ्रिज-वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या एका दुकानात लागलेय. परवा काम करता करता तिथल्या काकांना हे सगळं सांगितलं, तर ते हातातला पाना ठेवून म्हणाले, "अगं, तो मॅनेजर? ज्याचं ऑफिस तुमच्याच तळमजल्यावर आहे तो? पाइप फुटला त्या दिवशी सकाळी सकाळी टेम्पो घेऊन इथं आला होता की. ऑफिसातला फ्रिज आणि हीटर ठेवून गेला. जाताना मलाच बजावत होता, काका, पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका हं, एखाद्याचा जीव जायचा."