भालेराव मॅडम आणि मिटलेल्या तक्रारी

भालेराव मॅडमचा मिटलेल्या तक्रारीवर अजिबात विश्वास नसे. आम्ही संगणकात ‘तक्रार मिटली’ असं टाकलं, की दुसऱ्या दिवशी त्या स्वतः त्या शेतकऱ्याला फोन लावायच्या. "काय दादा, पंप चालतोय ना?" आवाज असा, की फोन नसता तरी दिंडोरीपर्यंत गेला असता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सातपूरला फवारणीचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही चार-पाच मुली ग्राहकांचे फोन घ्यायचो. मॅडम आमच्या प्रमुख.

मी नवी, अजून कायम व्हायची होते, आणि घर माझ्याच पगारावर चालायचं. पण माझे फोन लांबत. एखादा द्राक्षवाला म्हणे, "ताई, नोझल तुंबलंय, फवारा नाय मारला तर बाग जाईल." त्याला मध्येच सोडून देणं मला जमत नसे. नोझल खोलून, धुऊन, परत बसवून पाणी उडालं, की मगच मी फोन ठेवायचे. महिनाअखेरीस कुणी किती तक्रारी मिटवल्या त्याच्या तक्त्यात मी तळाला! पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांनी फर्मान काढलं, तळाच्या मुलीला कायम करायचं नाही.

मॅडम म्हणाल्या, "आकडा बघून घाबरायचं नाही गं. आधी तो कसा काढलाय ते विचारायचं."

विचारलं तर काय, गंमतच! संगणक फोन मोजत होता, माणसं नाही. कुणी "बंद करून चालू करा" सांगून चटकन फोन ठेवला, की तोच शेतकरी वैतागून पुन्हा फोन करी. दर वेळी नवी तक्रार, दर वेळी ती मिटलेली, आणि तक्त्यात त्या मुलीचं काम वाढलेलं! माझा शेतकरी पुन्हा फोनच करत नसे, म्हणून मी आळशी.

मॅडमनी आमच्यापुरती रीत बदलली. एका बिघाडाची एकच तक्रार, आणि पाणी उडाल्याशिवाय ती मिटली म्हणायची नाही. मी एकदम वर आले. पण आमच्या अख्ख्या ऑफिसचा आकडा धाडकन खाली आला, कारण बाकीच्या शाखा जुन्याच रीतीनं मोजत होत्या. मॅडमची पुण्याची बढती ठरल्यात जमा होती, ती दुसऱ्या शाखेतल्या कुणाला मिळाली. असं होणार हे साहेबांनी त्यांना आधीच बजावलं होतं.

हे कळलं तेव्हा मला रडूच कोसळलं. मॅडमनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. "रडतेस कसली? पुण्यात मला कोण ओळखतं? जेव, आणि तो फोन घे, कधीचा वाजतोय."

माझी नोकरी पक्की झाली. मॅडम मात्र निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत राहिल्या, आणि ते मला आजही बोचतं.