बेताबाहेरची बाई

टेलरकाकूंचं दुकान रस्त्याला लागून आणि घर त्याच्या बरोबर वर. दुकान म्हणजे एकच खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात पडद्याआड कपडे घालून बघायची जागा आणि एक उभा आरसा, ज्याच्यासमोर आलं की माणूस आपसूक पोट आत घेतो. गल्लीतल्या सगळ्यांची मापं काकूंना ठाऊक होती. कोण सुटलं, कोण वाळलं, कोण कबूल करत नाही, सगळं. पण त्याबाबतीत काकूंचं तोंड शिवलेलं असायचं.

कामात त्या भारी काटेकोर. खडूची रेघ मारल्याशिवाय कापडाला कात्री लावायच्या नाहीत. घाईत असलेलं गिऱ्हाईक कुरकुरायचं, पण काकू ढिम्म हलायच्या नाहीत.

वाचनाचं वेड त्यांना लहानपणापासून. वाचनालयातून आणलेली कादंबरी संपली की दर वेळी म्हणायच्या, "शेवट गुंडाळला मेल्यानं. यापेक्षा बरं मी लिहीन."

काका पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायचे, ते निवृत्त होऊन घरी बसले होते. लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची खोली रिकामी झाली, तेव्हा असंच एकदा काकूंचं ते वाक्य ऐकून ते म्हणाले, "मग लिही की. टेबल आहे, खुर्ची आहे. अडलंय कुठं?"

काकूंनी मनावर घेतलं. पण त्यांच्या रीतीनं. कोट बेतावा तशी त्यांनी आख्खी कादंबरी आधी बेतली. नमुने कापायचा खाकी कागद लेकीच्या खोलीत भिंतभर लावला आणि त्यावर रेघा मारून प्रकरणं आखली. दोन सख्खे भाऊ, वडिलांची बेकरी. थोरला घमेंडखोर, धाकटा हळवा. भांडण, वेगळे संसार, अबोला. शेवटी धाकटा आजारी पडणार, थोरला धावत येणार, दोघं गळ्यात पडणार. कुठं रडायचं तेसुद्धा ठरलेलं.

मग रोज दुपारी दुकानाला कडी घालून काकू वर जायच्या आणि आखलेल्या रेघेवरून लिहायच्या. काम सरकत होतं. रविवारी काका आणि पलीकडच्या घरातली नणंद यांना त्या लिहिलेलं वाचून दाखवायच्या. काका "छान, छान" म्हणायचे. नणंद जांभई आवरायची.

"वन्सं, खरं सांगा."

"चांगलं आहे गं," नणंद म्हणाली, "पण पुढं काय होणार ते मला आत्ताच कळतंय. तुझ्या भिंतीवरच लिहिलंय!"

काकूंना राग आला. त्याहून जास्त राग आला तो नणंदेचं म्हणणं पटल्याचा. त्यांना स्वतःलाही हल्ली लिहायला बसायचं जिवावर येत होतं.

अशात ते प्रकरण आलं. धाकटा एकदाचा मनाचा हिय्या करून थोरल्याच्या घरी जातो, थोरला दार उघडतो आणि त्याला दारातूनच परत पाठवतो, असं ठरलेलं होतं. काकूंनी धाकट्याला जिने चढवले, घाम पुसायला लावला, बेल वाजवायला लावली. मग त्यांच्या हातून वाक्य उतरलं: "दार एका अनोळखी बाईनं उघडलं. तिच्या एकाच पायात चप्पल होती."

काकू थबकल्या. ही कोण? खोडायला पेन टेकवलं, तर तेवढ्यात बाई बोललीसुद्धा: "तुम्हीच ना धाकटे? या आत. पण बोलाल ते माझ्याकडे बघून बोलू नका, त्यांच्याकडे बघून बोला."

 पेन तसंच टाकून काकू बाहेर आल्या. काका कांदा चिरत होते.

"अहो, थोरल्याच्या घरात एक बाई आहे!"

काकांची सुरी हवेतच राहिली. "कुठल्या थोरल्याच्या?"

"माझ्या हो. कादंबरीतल्या."

"मग? कोण आहे ती?"

"मला काय माहीत!"

"म्हणजे? लिहितेस तू, आणि तुलाच माहीत नाही?"

"तेच तर सांगतेय ना!"

नणंदेला बातमी लागायला वेळ लागला नाही. ती भाजीची पिशवी हातात घेऊनच आली. "भानगड असणार थोरल्याची. मला पहिल्यापासूनच संशय होता."

"नाही हो, तशी वाटत नाही ती."

"तुला काय ठाऊक?"

"बोलण्यावरून कळतं ना माणूस," काकू म्हणाल्या आणि आपण हे कुणाबद्दल बोलतोय ते लक्षात येऊन स्वतःच हसू लागल्या.

पण दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली शिंपीण जागी झाली. बेतात नसलेली बाई आत घेतली तर पुढचं सगळंच ओढलं जाणार. त्यांनी ते पान बाजूला ठेवलं आणि थोरल्याला दारात उभं करून पुन्हा लिहिलं. थोरला ठरल्याप्रमाणे ओरडला, धाकटा ठरल्याप्रमाणे रडला. वाचून बघितलं तर दुकानातल्या पुतळ्यांनी एकमेकांशी बोलावं तसं. काकूंनी ते पान टराटरा फाडलं, बाईला परत दारात आणलं आणि तिच्या मागोमाग आपणही आत शिरल्या.

आता रोज दुपारची त्या चातकासारखी वाट बघू लागल्या. काम करतानाही चित्त ठिकाणावर नसे. गल्लीतल्या संगीतशिक्षकांच्या कोटाचे दोन्ही खिसे त्यांनी शिवून बंद करून टाकले. शिक्षक खिशात हात घालायला गेले आणि हात तसाच घसरून खाली आला. "काकू, ही नवी फॅशन आहे का?" त्यांनी गरीब चेहऱ्यानं विचारलं. काकूंनी चूक कबूल केली आणि तिथंच उसवायला बसल्या.

शिक्षक स्टुलावर बसून नेहमीप्रमाणे गप्पा मारत होते. काकू मान खाली घालून टाके उसवत होत्या. मशीनशेजारच्या पंख्याचा आवाज होता. शिक्षकांनी काहीतरी विचारलं, काकूंना ऐकू गेलं नाही. म्हणून त्यांनी मान वर करून शिक्षकांच्या ओठांकडे पाहिलं.

आणि काकूंचा हात जागच्या जागी थांबला.

"बहिरा आहे तो!" त्या ओरडल्या.

"कोण?" शिक्षक दचकून उठलेच.

"थोरला! त्याला ऐकू येत नाही! म्हणून ती बाई! ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवते ती त्याला!"

धाकट्याची वर्षानुवर्षांची तक्रार होती, की वडील गेले त्या दिवशी मी मागून हाक मारून माफी मागितली आणि दादानं वळूनसुद्धा बघितलं नाही. बघणार कसा? त्याला ऐकूच आलं नव्हतं. आणि मानी इतका, की कुणाला कळू दिलं नाही. काकूंना दुसरं प्रकरण आठवलं. थोरला समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघतो, असं त्यांनी तिथं लिहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, जरा करारी दिसेल, बाकी काही नाही. ते वाक्य इतके दिवस गुपचूप बसून होतं, आणि लिहिणारीलाच त्याचा पत्ता नव्हता.

काकूंचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही आवरेना. शिक्षकांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. "त्रास होतोय का काही?"

"छे हो. इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं."

आजारपणाचं प्रकरण त्यांनी आनंदानं रद्द केलं. भिंतीवरचा खाकी कागद काढला, कोरी बाजू वर करून त्यातून कुणाच्या तरी परकराचा नमुना कापला. शेवटी भाऊ गळ्यातबिळ्यात काही पडले नाहीत. धाकटा थोरल्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि ती जुनी माफी त्यानं पुन्हा मागितली, सावकाश, एकेक शब्द ओठांवर नीट आणून. तिसऱ्यांदा म्हटल्यावर थोरल्याला कळलं. काका वाचन ऐकता ऐकता उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ कुंड्यांना पाणी घालत राहिले. नणंद म्हणाली, "मी म्हणाले नव्हते, बाई चांगल्या घरची आहे?"

वाचनालयानं कादंबरीची छोटीशी आवृत्ती छापली. तिथल्या कार्यक्रमात एका वाचकानं कौतुकानं म्हटलं, "बहिरेपणाचे धागेदोरे तुम्ही किती आधीपासून पेरले होते!"

"मी कुठले पेरतेय," काकू म्हणाल्या. "मला तर संगीतशिक्षकांच्या खिशांपायी कळलं."

लोक हसले. विनय आहे, असं त्यांना वाटलं. काकूंनी समजावायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

हल्ली दुपारी दुकानाला कडी लागली की काका वर चहा टाकतात. काकू नवीन काहीतरी लिहितायत. त्यात एक दाढीवाला माणूस आहे, एक बंद पडलेलं थिएटर आहे, आणि कालपासून एक बकरी आलीय.

"बकरी कशाला?" कप ठेवत काका विचारतात.

"बघते ना," काकू म्हणतात आणि खुर्ची पुढं ओढून घेतात.