सड्यावरून करायचा फोन

कुत्रं मला कधी नकोच होतं. मुलाने सावर्ड्याच्या बाजारातून पिल्लू आणलं, सदऱ्याच्या आत घालून आणलं म्हणजे बघा केवढं असेल ते, आणि सहा महिन्यांत स्वतः मुंबईला नोकरीला लागला. "आई, दोन महिने सांभाळ, खोली मिळाली की नेतो." खोली मिळाली, बायको मिळाली, कुत्रा मात्र माझ्याच गळ्यात. पहिलं वर्षभर मी त्याला 'मेल्या' अशीच हाक मारायचे आणि तो गुलाम शेपूट हलवत यायचा. यजमान गेले, तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा घरात बोलायला तो एकटा उरला. भांडी घासताना मी त्याच्याशी बोलते. आमटी खारट झाली तर त्याला सांगते. लोक हसतात. हसोत बापडे.

कुत्र्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. ज्या माणसामुळे हे लिहायला बसले त्याचं नाव मला तो मेल्यावर कळलं. एकदा कुत्र्याला आधी धरलं आणि माणसाला मागे ठेवलं, तेवढं पुरे, निदान नावात तरी पुन्हा नको.

मार्च महिना होता. मिरजोळ्याच्या पलीकडे सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, उतरणीवर आमची वाडी, आणि घरामागे काजूची बाग. सकाळी साडेआठच्या सुमाराला मी काजू वेचत होते आणि तो पुढेपुढे सुक्या पातेऱ्यात नाक खुपसत चालला होता. एकदम केकाटला. मी काठीने पाला बाजूला केला तर फुरसं. हातभरसुद्धा नसेल, पण आमच्याकडे नागापेक्षा फुरशाला जास्त भितात. नाग निदान फणा काढून सांगतो तरी. बघता बघता कुत्र्याचं थोबाड सुजलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पंचवीस किलोचं ते धूड मी कसं उचललं देव जाणे. गाडीच्या मागच्या सीटवर जुन्या लुगड्यावर त्याला टाकलं आणि निघाले. पायात घरातल्या सपाता होत्या, त्याही दोन वेगवेगळ्या.

आमचा रस्ता चिरेखाणीवरून जातो. खाणीपाशी रस्त्याच्या मधोमध एक बाई दोन्ही हात वर करून उभी. मी कचकन ब्रेक मारला. विजापूरकडची माणसं ती. नवरा-बायको तीन हंगाम खाणीतच खोपट घालून राहत होते. मशीन चिरे कापायचं आणि हे दोघं ते रचायचे, गाडीत भरायचे. येता-जाता दिसायची, एवढीच ओळख. म्हणजे ओळख नाहीच.

"अक्का, माझा माणूस. चिरे पडले. पाय. रक्त फार."

रचलेला थर अंगावर कोसळला होता. बाकीचे मजूर गाडीबरोबर माल उतरवायला गेलेले. ही एकटी. मी विचारलं, "उठता येतंय का त्याला?" ती म्हणाली, "नाही." खाण खोल आहे, रस्त्यावरून तो मला दिसत नव्हता. चिऱ्याने पाय चेचणं इथे काही नवं नाही, महिन्याकाठी कोणाचा तरी चेचतोच, असं माझ्या मनात आलं. त्याला वर आणायचा म्हणजे अर्धा तास, हेही आलं. तिने खिडकीतून वाकून मागच्या सीटवर बघितलं. तिथे कुत्रा पडलेला.

"अगो, याला फुरसं चावलंय," मी म्हटलं. "मी वर सड्यावर जाते, तिथून अँब्युलन्सला फोन करते. तू त्याच्यापाशी जा. हलवू नको त्याला." ती लगेच बाजूला झाली.

लगेच का झाली ते सांगायला हवं. आमच्या उतरणीला मोबाइलला रेंज येत नाही. ती येते थेट वर सड्यावर, वळणावरच्या विजेच्या खांबापाशी. म्हणून वाडीत रीतच पडून गेली आहे, जो वर जाईल त्याने सगळ्यांचे फोन करायचे. कोणाला गॅस सांगायचा असतो, कोणाच्या गाईला डॉक्टर, कोणाचा घोव दुबईला. कागदावर नंबर लिहून हातात देतात. आणि हा निरोप कोणी म्हणजे कोणी चुकवत नाही, मग भांडण का असेना. माझी आणि जाऊबाईंची बोलाचाली पाच वर्षं बंद होती, तरी त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचा फोन मीच केला होता आणि परत येताना त्यांच्या दारात उभी राहून "मुलगा झाला" एवढंच बोलून वळले होते. खाणीतल्या माणसांनीही ही रीत उचलली होती. सड्यावरून फोन करते म्हटलं, की तो केल्यातच जमा.

वळणावर मी गाडी हळू केली. हे मला पक्कं आठवतं. पर्समधून फोन काढला, मांडीवर ठेवला. तेवढ्यात मागे घाणेरडा आवाज झाला. वळून बघते तर कुत्र्याने रक्ताची उलटी केली होती आणि त्याची मान सीटखाली लोंबत होती. "नको रे मेल्या, नको रे," असं ओरडत मी गाडी हाणली. फोन मांडीवरून घसरला, तो कुठे पडला तेही बघितलं नाही. ती बाई माझ्या मनातून अशी पुसली गेली की जणू भेटलीच नव्हती.

रत्नागिरीत जनावरांच्या डॉक्टरांनी सापाचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दुपारपर्यंत मी त्याच्या पोटावर हात ठेवून बसले होते. मग त्याने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत म्हणून वाचला." हे ऐकून मी तिथेच ढसाढसा रडले. मग समोरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायले, बटाटेवडा खाल्ला. वडा गरम होता, चवीचा लागला. ते आठवलं की अजून शरमेने मान खाली जाते.

तीनच्या सुमाराला परत फिरले. सड्याच्या वळणावर थांबून सीटखालून फोन काढला, मुलाला सांगायला की तुझं कुत्रं वाचलं. स्क्रीनवर बोट ठेवलं आणि आठवलं. फोन तसाच सीटवर टाकला आणि गाडी खाली हाणली. खाणीपाशी आले तर तिथे कोणी नव्हतं. रस्त्यावरच्या तांबड्या धुळीत काळपट डाग सुकलेले होते.

संध्याकाळी जाऊबाई स्वतःहून माझ्या पडवीत आल्या. पाच वर्षांत पहिल्यांदा. "ऐकलंस का गो? खाणीतला तो माणूस गेला. दीड तास पडून होता. शेवटी एका टेम्पोतून नेला, तर वाटेतच... अँब्युलन्स आलीच नाही म्हणे. आपल्याकडे कशाचा भरवसा आहे का!" मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं. मी "अरेरे" म्हटलं.

पुढे फक्त देवरूखच्या बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "तू काय डॉक्टर आहेस? आणि तो तुझा कोण लागत होता? उगाच मनाला लावून घेऊ नको." मला तिचाच राग आला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आम्ही दुसऱ्यांना ऐकवत मोठ्या झालो.

खरं सांगायचं तर त्या सकाळी मला कुत्रा त्या माणसापेक्षा मोठा होता. होता म्हणजे होता. माणसाचा जीव आधी असं सगळेच म्हणतात, बोलायला काय जातं? तो माणूस माझ्या पडवीत आठ वर्षं झोपला नव्हता. यजमान गेल्यावर त्याने माझ्या पायाशी बसून माझं रडणं ऐकलं नव्हतं. कुत्र्याला घेऊन पुढे गेले याला कोणी पाप म्हणालं तर मी भांडेन, निदान पूर्वी भांडले असते. कुत्रा पुढच्या सीटवर ठेवता आला असता, खाणीत उतरून दोघींनी मिळून त्याला वर काढता आलं असतं, हे सगळं आता सुचतं. ते जाऊ दे. पण फोनला किती वेळ लागतो हो? माझ्या सगळ्या मायेतून त्या माणसासाठी दोन मिनिटंसुद्धा निघाली नाहीत. माया एवढी आंधळी असते हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर ती कमीही झाली नाही. कुत्रा जवळ येऊन बसला की मी पाय काढून घ्यायचे, मग मुक्या जनावराचा काय दोष म्हणून स्वतःवरच चिडून त्याला भाकरी घालायचे.

ती बाई महिन्याने गावाहून परतली आणि पुन्हा खाणीत कामाला लागली. मी दोनदा खाणीपर्यंत गेले आणि मागे फिरले. तिसऱ्यांदा खाली उतरले. मोकळ्या हातांनीच गेले. काजूगर नाहीतर पोहे नेले असते तर ते तोंड बंद करायला दिल्यासारखं झालं असतं. तिने मला ओळखलं. एका चिऱ्यावरची धूळ पदराने पुसून मला बसायला दिलं, तांब्याभर पाणी दिलं. मला ते पिववेना.

तीच आधी बोलली. "अक्का, तुम्ही फोन केला. गाडी त्यांनीच नाही पाठवली."

मी भरलेला तांब्या तिच्या हातात परत दिला.

"दोन टेम्पो गेले," ती सांगत होती. "एक वाळूचा, एक खोक्यांचा. मी वर जाऊन थांबवले नाहीत. अक्का बोलली, हलवू नको. तो विचारत होता, आली का. मी बोलले, येते, अक्काने फोन केला. मग तो विचारायचा थांबला. मग मी पळत वर गेले, तिसरा टेम्पो थांबवला." तिचा आवाज चढला नाही. माझ्यासारख्या बाईने उगाच उन्हातान्हात भेटायला यावं याचं तिला बरं वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तेच मला सहन होईना.

"मी फोन केलाच नव्हता," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. मराठी तिला कामापुरतंच येतं. "काय?"

"अँब्युलन्सला. फोन. मी नाही केला."

हातातला तांब्या तिने खाली ठेवला. मग विचारलं, "का?"

घरून निघताना मी पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. घाबरले होते, रक्त बघितलं, फोन हातातून पडला, वय झालंय. त्यातलं एकही वाक्य तिला समजणार नव्हतं. तिच्यासाठी सोपे शब्द हवे होते, आणि सोपे शब्द फार थोडे होते.

"माझा कुत्रा मरत होता," मी म्हटलं. "तुझा माणूस विसरले."

हे मात्र तिला पहिल्या खेपेलाच कळलं.