मास्तरांची सी ड्राइव्ह

मास्तर कुणाचं भलं करायचे ते त्याला आधी चारचौघांत रडवून. सिल्वासाच्या आमच्या यार्नच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन होते आणि शाळेशी त्यांचा संबंध दहावीत सुटला तो सुटलाच. तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण कुणी बंद पडलेली वस्तू घेऊन आला की ती हातात घेण्याआधी ते त्या माणसाची उजळणी घेत. "काय दाबलं होतं? त्याच्या आधी काय दाबलं? यंत्र खोटं नाही बोलत, तूच बोलून राहिला." वस्तू दुरुस्त होई, माणूस मात्र पुन्हा त्यांच्या दारात यायला कचरे. मी स्टोअरमध्ये कारकून, मूळचा चिपळूणकडचा. सामरवरणीच्या चाळीत त्यांच्याच खोलीत राहायचो, त्यामुळे मला कचरायचीही सोय नव्हती.

त्यांच्याकडे हातात धरून खेळायचं, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारं एक यंत्र होतं. पन्नाशी उलटलेला हा माणूस सुट्टीच्या सकाळी पलंगावर मांडी घालून त्यावर वीसेक वर्षांपूर्वीचा विंडोजचा एक मारधाडीचा गेम चालवायचा. एक भालेवाला शिपाई, जळता किल्ला आणि शेवटच्या दरवाजात एक राक्षस. चालवायचा म्हणजे खेळायचा कमी आणि चालू ठेवायचा जास्त. यंत्र लिनक्सचं, गेम विंडोजचा, त्यामुळे मध्ये दुभाष्याचं काम करणारा एक प्रोग्राम लागतो. अपडेट आला की या दुभाष्याचं डोकं फिरे. कधी आवाज जाई, कधी चित्र अर्धंच येई. मास्तर दुभाष्याची जुनी आवृत्ती लावून बघत, सेटिंगमध्ये एखादी ओळ घालत आणि गेम सुरू झाला की न खेळताच यंत्र बंद करून कपाटात ठेवत.

बघता बघता मलाही ते वेड लागलं आणि मी तसंच एक जुनं यंत्र घेतलं. मास्तरांनी मला शिकवलं, म्हणजे मी चुकत असताना ते बघत बसले. काहीच जमेना की त्यांचा शेवटचा उपाय ठरलेला असे. विंडोजच्या प्रत्येक गेमसाठी हे यंत्र पोटात एक नकली सी ड्राइव्ह बनवतं, गेमला विंडोजचं घर वाटावं असा कप्पा. ती अख्खी पुसून टाकायची, यंत्र नवी बनवतं. "घर सडलं तर झाडू काय मारून राहिला? पाड ते." पाडण्याआधी ते स्वतः आत शिरून काय काय बाहेर काढत, हे मात्र कधी बोलले नाहीत. विचारलं तर म्हणत, "डोळे दिले ना देवानं तुले?" एकदा नळावर, भरल्या चाळीसमोर म्हणाले, "हा कोकणचा नारळ. फोडला तरी आत पाणीच." चाळ हसली. मीही हसलो, आणि मनात ठेवलं.

या गेमपायी एवढा जीव का टाकतात, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. शिरपूरला असताना घरच्या कॉम्प्युटरवर त्यांचा मुलगा त्या राक्षसापर्यंत पोचला होता. शेवटची लढाई बापलेकांनी आळीपाळीनं खेळायची असं ठरलं होतं. त्याच आठवड्यात बारावीचा निकाल लागला आणि मास्तरांनी पाहुण्यांसमोर मुलाची उजळणी घेतली. मुलगा नाशिकला मामाकडे गेला, वर्षभरात आईही त्याच्यामागे गेली. पुढे कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मास्तरांनी त्याची हार्ड डिस्क काढून तिच्यातून मुलाच्या त्या अर्धवट डावाची फाइल वाचवली. नव्या यंत्रावर तो डाव चालावा म्हणून ते लिनक्स शिकले. "कुणाले सांगशील तर दात पाडीन," असंही वर म्हणाले.

गेल्या वर्षी अचानक मुलाचा फोन आला. कामासाठी इथं जवळ वापीला येतोय, रविवारी दुपारी चक्कर टाकीन म्हणाला. आणि मग विचारलं, "तो गेम आहे का अजून?" बारा वर्षांत त्यानं बापाला विचारलेला हा पहिला प्रश्न. "आहे म्हटलं मी. चालतो म्हटलं," हे मास्तरांनी त्या दिवशी मला तीनदा ऐकवलं.

रविवारी सकाळी यंत्रानं आपणहून अपडेट घेतला आणि गेम काळ्या पडद्यावर अडकला. तेवढ्यात कारखान्यातून ब्रेकडाऊनचं बोलावणं आलं. बूट घालता घालता मास्तर म्हणाले, "आल्यावर बघतो. तू हात नको लावू. तुझ्या हातचं काम नाही हे."

ते शेवटचं वाक्य बोलले नसते तर मी हात लावला नसता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं म्हणजे मला मुलासमोर त्यांच्या तोंडावर "झालं" म्हणायचं होतं. मी दुभाष्या बदलून बघितला, पडदा काळाच. मग सी ड्राइव्ह पुसली. साध्या विंडोजवर गेम काढून टाकला तरी खेळलेला डाव डॉक्युमेंट्समध्ये शाबूत राहतो, तेच माझ्या डोक्यात होतं. इथं ते डॉक्युमेंट्स त्या नकली ड्राइव्हच्याच आत असतं. गेम झकास सुरू झाला. जुन्या डावांची यादी रिकामी होती. दुसऱ्यांना कॉपी ठेव म्हणून शिव्या घालणाऱ्या मास्तरांनी स्वतः ठेवली नव्हती. आपल्या हातावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

ते बारा वाजता आले. मी सांगून टाकलं. त्यांनी यंत्र घेतलं, एकेक फोल्डर उघडून बघितलं, मग पुन्हा पहिल्यापासून बघितलं. मला एकही प्रश्न विचारला नाही. "चहा टाक. तो येईल आता," एवढंच म्हणाले.

मुलगा तिशीचा, बापाचंच कपाळ घेऊन आलेला. पाणी प्यायला आणि यंत्राकडे हात केला. "दाखवा."

"नाही रे तुझा तो डाव. माझ्याच हातून पुसला गेला," मास्तर म्हणाले.

मुलगा हसला. "वाटलंच होतं, पप्पा. तुमच्याजवळ काही टिकलंय का आजवर?"

मी चार पावलांवर गॅसपाशी होतो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी चहा गाळत राहिलो. मुलगा पंधरा मिनिटांत उठला. दारात मला आपला नंबर देऊन हळूच म्हणाला, "यांचं काही झालं तर कळवा."

मास्तरांनी तसं का केलं हे मला अजून कळलेलं नाही. मला वाचवलं म्हणावं, तर कुणाला वाचवायची त्या माणसाला सवय नव्हती. एवढी मोठी चूक नावावर लावायची माझी लायकी नाही, असंही त्यांना वाटलं असेल. त्यानंतर ते मला एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. "तुम्ही जेवला का?" असं विचारू लागले. मला त्यांच्या शिव्या हव्या होत्या. मागायची हिंमत झाली नाही.

होळीच्या आधी मास्तर ड्यूटीवरच गेले, छातीत कळ येऊन. मुलाला फोन मी केला. कधी, कुठं ते त्यानं विचारून घेतलं. मग म्हणाला, "एक विचारू का? एवढी वर्षं जपलेला तो डाव, त्यांच्या हातून पुसला कसा गेला हो?"

"वय झालं होतं," मी म्हणालो. "हात चुकायला लागला होता त्यांचा."