मुराळी, कार आणि पातळ तेल

आमच्याकडं पंचमीला लेक माहेरी आणायची तर न्यायला माणूस धाडावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय सासरचे लेकीला धाडत न्हाईत. यंदा मुराळी मी. मागच्या साली अक्काच्या सासूनं तिला ऐकवलं होतं, "तुझा भाऊ बसनं येतो, बसनं नेतो." ते अप्पांच्या इतकं जिव्हारी लागलं की त्यांनी जुनी कार घेतली. आता दुपारच्या आत अक्काच्या सासरी, चिटगुप्प्याला पोचायचं होतं; कार घेऊन येतो म्हणून तिला कळवलंही होतं.

सकाळी इंजिनातलं जुनं तेल काढून टाकलं. नवं कोणतं घालायचं ते इंजिनच्या झाकणावरच ठळक छापलंय, पाच डब्ल्यू तीस. तोच डबा मी हुमनाबादहून आणला होता. पण आमच्या गल्लीत छापलेल्यावर विश्वास ठेवायची रीत न्हाई. अप्पांनी करडईचं तेल पारखतात तसं ते तळहातावर घेतलं, चोळलं, उन्हात धरलं.

"हे तर पाणी हाय रे. दाट आणायचं की."

"अप्पा, गाडी बनवणाऱ्यानंच सांगितलंय."

"त्यानं आपलं ऊन बघितलंय का?"

तेवढ्यात जन्मभर लॉरी चालवलेले चुलते आले. असल्या पातळ तेलावर माझी लॉरी घाट चढली नसती, म्हणाले. ही कार हाय, लॉरी न्हाई, हे ऐकायला कोण बसलंय? मग गल्ली गोळा झाली न् परीक्षाच सुरू झाली. एकानं दाराच्या बिजागरीला तेल घातलं, दुसऱ्यानं आडाच्या कप्पीला. तिसऱ्यानं बैलगाडीच्या आसात ओतलं आणि बैल जुंपून गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणली. कप्पी कुरकुरायची थांबली तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं. तेल चांगलं हाय, घाल.

पण गाडीत घालायला डब्यात उरलंच न्हवतं.

"एवढंच कामून आणलास?" अप्पा मलाच म्हणाले. माझं टाळकं सरकलं. दुसरा डबा आणायला चुलत्यांनाच पिटाळलं. अक्काला फोन करून तरी काय सांगू, तेल पारखायलोत म्हणून?

दुपार ढळली आणि अक्काच दारात उभी राहिली. हातात पिशवी, सोबत कुणी न्हाई.

"सासूला सांगितलं, भाऊ फाट्यावर गाडी घेऊन उभाय," ती म्हणाली. "मग फाट्यापर्यंत चालत आले न् बस धरली."

अप्पांचे हात तेलानं माखलेले, तिच्या डोक्यावरून फिरवता येईनात. मला तर तोंड कुठं लपवावं कळेना. तिनं पिशवी खाली ठेवली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली.

"चांगली हाय," ती म्हणाली. "जाताना दारापर्यंत सोड. खोटं एकदाच चालतं."